ओळखीची खूण

आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एक नियम आहे आणि तो मी लिहिलेला आहे. हरवलेलं सापडलं की पोस्ट ताबडतोब काढून टाकायची. त्याचं असं झालं की एका बाईची म्हैस सापडून, घरी येऊन, पुन्हा दूध द्यायला लागली तरी लोक तिला फोन करून सांगत होते, तुमची म्हैस आमच्या शेताच्या धुऱ्यावर चरून राह्यली. ती बाई रडकुंडीला आली. मग मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'हरवलेली व्यक्ती, जनावर अथवा वस्तू सापडल्यास पोस्ट त्वरित काढावी. न काढल्यास सदस्यत्व रद्द करण्यात येईल.' मी सरकारी कार्यालयात कारकून आहे. अशी वाक्यं मला झोपेतही सुचतात. मंगरूळपीरचे लोक कोणाचा नियम पाळतील असे नाहीत, पण हा पाळला गेला. आजूबाजूच्या तालुक्यांतले लोकही ग्रुपवर येत, त्यांनाही तो माहीत झाला. पोस्ट दिसेनाशी झाली की लोक म्हणायचे, चला, सापडलं.

माझे बाबा शाळामास्तर होते. खेड्यापाड्यांत नोकरी झाली. बदली होऊन नव्या गावात गेले की पहिल्याच दिवशी ते गावातल्या मोठ्या घरी जायचे आणि पाणी मागायचे. तहान असो नसो. पेल्यात पाणी आलं तर पिऊन, 'बरं वाटलं' म्हणून पेला परत द्यायचे. कोणी दुरून लोटा वाकवला तर हात पुढे न करता तसेच उभे राहायचे. 'घरात पेला नाही का?' एवढंच विचारायचे. आवाज अजिबात चढवायचे नाहीत. घरातली माणसं एकमेकांकडे बघायची आणि शेवटी पेला यायचा. मी लहानपणी सोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चला ना बाबा, म्हणून त्यांचा सदरा ओढायचे. ते हलायचे नाहीत.

छप्पन साली आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. त्याच्या आधीचं ते कधी बोलले नाहीत. जातीचं जुनं नाव आमच्या घरात उच्चारलं जात नव्हतं. मी सहावीत असताना शाळेच्या नाटकात मला एकच वाक्य मिळालं होतं, 'जोहार मायबाप'. पूर्वी आमच्या माणसांनी गावच्या लोकांना वाकून करायचा तो नमस्कार. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपली अंगणात वाकून वाकून पाठ करत होते. बाबा घरातून बाहेर आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी ते वाक्य नाटकातून काढायला लावलं आणि मी त्या नाटकात मुकी राहिले.

मीही त्यांचीच लेक. हातात फोन आले, आमचा ग्रुप ज्यावर आहे ते ॲप आलं, आणि लोकांची भांडणं चावडीवरून तिथं गेली. दोन ओळींत वाद हातघाईवर आला की आमच्या जातीचं जुनं नाव शिवीसारखं फेकलं जायचं. समोरासमोर बोलायची ज्यांची छाती नव्हती ते तिथं बिनधास्त लिहायचे. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही बायका पायऱ्यांवर फोन घेऊन बसायचो. कुठं दाबायचं, तक्रार कशी करायची, 'द्वेषपूर्ण भाषा' हा पर्याय कुठं असतो, हे मी एकेकीला शिकवलं. कोणी असलं काही लिहिलं की एकीनं दाखवायचं आणि सगळ्यांनी मिळून तक्रार ठोकायची. पोस्टी पटापट उडायच्या. कोणाकोणाचं खातंही बंद पडलं. ज्या म्हाताऱ्या बायांना सही करता येत नव्हती त्याही मोठ्या उत्साहानं बोट टेकवायच्या. फार बरं वाटायचं. अजूनही वाटतं. त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

मग बाबांना विसरण्याचा आजार झाला. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की विसरणं अलीकडून पलीकडे जातं. आधी सकाळचं जेवण गेलं. मग पेन्शनचा दिवस गेला, मग निवृत्ती गेली. आई वारली हे विसरले, आणि काही महिन्यांनी आई होती हेही विसरले. मला वाटलं, मास्तर म्हणून तरी राहतील. शुद्ध बोलायचा त्यांचा केवढा आग्रह! आम्ही भावंडांनी घरात 'मले', 'तुले' म्हटलं की खडू फेकून मारायचे. एक दिवस तेही गेलं आणि ते आमच्या आजीसारखं बोलायला लागले.

एका दुपारी मी त्यांना पाणी न्यायला गेले तर ते उंबऱ्याच्या बाहेर उकिडवे बसले होते. पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेली आणि खाली बघत म्हणाले, "वरून टाका, माय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ओरडले. "बाबा, हे तुमचं घर आहे! हा तुमचा पेला आहे, यावर तुमचं नाव आहे!" खरंच होतं. आई प्रत्येक भांड्यावर त्यांचं नाव घालून घ्यायची. ते घाबरले. अंग चोरून आणखी मागे सरकले आणि मला हात जोडले. "जोहार, मायबाप. चुकलं. आमी महार हाओ."

मी पेला भिंतीवर फेकून मारला. शेजारच्या वहिनी धावत आल्या. बाबांची ओंजळ पुन्हा तोंडाशी गेली होती. तहान लागलेला माणूस होता तो. शेवटी मी तांब्या आणला आणि वरून पाणी टाकलं. माझ्या बापाच्या ओंजळीत, माझ्या हातानं. त्यानंतर रोज टाकलं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. वाशिमला माझा धाकटा भाऊ असतो, त्याला तेवढं सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही असं भावजय म्हणाली. लोकांना आम्ही सांगायचो, बाबांना विसरायला होतं. कोणी भेटायला आलं की मी त्यांना आतल्या खोलीत ठेवायचे.

पाय मात्र त्यांचे धडधाकट होते. दार उघडं दिसलं की निघायचे आणि नेमके बसस्टँडवर जायचे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकिटाला काही पडत नाही, आणि मंगरूळचे कंडक्टर त्यांना 'गुरुजी' म्हणून हाताला धरून चढवायचे. कुठल्याही गाडीत बसायचे. त्यांच्या आधारकार्डाची प्रत लॅमिनेट करून मी सदऱ्याच्या खिशात ठेवत असे, मागे माझा नंबर. त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुठूनतरी फोन यायचा, अमुक गाडीत बसवून देतो, उतरवून घ्या. तीनदा असं झालं होतं.

चौथ्यांदा मे महिना होता. सकाळी मी त्यांचा सदरा धुवायला टाकला, दुसरा घातला, आणि कार्ड पहिल्याच्या खिशात राहिलं. ऑफिसला उशीर होत होता. दुपारी वहिनी जेवण द्यायला गेल्या तर दार उघडं. मी ऑफिसातून तशीच पळत स्टँडवर गेले. कोणी म्हणालं गुरुजी वाशिमच्या गाडीत चढले, कोणी म्हणालं नाही, रिसोडच्या. ठाण्यात तक्रार दिली. त्यांनी नीट लिहून घेतलं. मग मी ग्रुपवर पोस्ट टाकली, फोटोसकट. वय, उंची, रंग सावळा, पांढरा सदरा, पायजमा, स्मृतिभ्रंशाचा त्रास. ऑफिसच्या नमुन्यात 'ओळखीची खूण' असा रकाना असतो. तिथं मी लिहिलं: 'विशेष काही नाही.'

विशेष काही नाही! मी लिहिलं ते.

फोन खूप आले. सगळ्यांचं एकच, हे इथं बसले आहेत बघा. रिसोडहून एका माणसानं अगदी खात्रीनं सांगितलं म्हणून वाशिमहून आलेला भाऊ आणि मी त्याच्या मोटारसायकलवर रिसोडला गेलो. बाजारात एका ओट्यावर पांढरा सदरा घातलेला म्हातारा बसला होता. दुसऱ्या कोणाचा तरी बाप. आम्ही वळलो तर मागून म्हणाला, "मले घेऊन चाला ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चहा हातात घेऊन बसला होता, पीत नव्हता.

"असे म्हातारे हर स्टँडवर बसून हायेत, ताई," तो म्हणाला. "फोटोत त बाबा कोट घालून हायेत. कोन ओळखन त्यायले?"

"खूण लिहायची राह्यली," मी म्हटलं.

"कोनती खूण?"

मी सांगितली. त्यानं कप खाली ठेवला. "पागल झाली काय तू? बाबाची इज्जत चव्हाट्यावर मांडतं? ज्या मानसानं जिंदगीभर तो शब्द घरात येऊ देल्ला नाही, त्याच्या फोटोखाली तो शब्द लिहितं?"

"इज्जत घेऊन काय करू? मले बाबा पायजेत."

"बाबा शुद्धीवर असते त तुले थोबाडीत मारली असती."

"मारू दे ना. आधी घरी त येऊ दे."

तो गाडीची किल्ली शोधायला उठला. मी लिहायला बसले. ऑफिसात मी दिवसाला वीस पत्रं लिहिते, पण या चार ओळी मी तीनदा खोडल्या. पहिली पोस्ट काढून त्याच फोटोखाली लिहिलं ते असं: 'माझे बाबा कालपासून हरवले आहेत. ते स्वतःचं नाव सांगणार नाहीत. कोण म्हणून विचारलं तर आम्ही महार आहोत, असं सांगतात. जोहार करतात. बाकावर, ओट्यावर बसत नाहीत, खाली भुईवर बसतात. पेल्यानं पाणी पीत नाहीत. ओंजळीत वरून टाकावं लागतं. त्यांना जुनं तेवढंच आठवतं. असे कोणी दिसले तर हसू नका, रागावू नका. पाणी द्या आणि मला कळवा.' खाली नंबर. टाकलं आणि भावाच्या मागे गाडीवर बसले. बाबा वाशिमच्या गाडीत चढले असं सांगणारे जास्त होते, म्हणून आम्ही त्या दिशेला निघालो.

शेलूबाजारला चहाच्या टपरीवर थांबून मी फोन उघडला. पोस्ट नव्हती. तिच्या जागी एक निरोप होता. तुमचा मजकूर द्वेषपूर्ण भाषेविरुद्धच्या आमच्या नियमांचा भंग करतो, तो जातीच्या आधारावर लोकांना अपमानित करतो, म्हणून काढण्यात आला आहे. तुम्हाला सात दिवस काही लिहिता किंवा उत्तर देता येणार नाही. भाषा आमच्या ऑफिसच्या नोटिशीसारखीच होती. फक्त खाली कोणाची सही नव्हती.

"कोणाला अपमानित केलं मी?" मी त्या टपरीवर फोनलाच विचारलं. लोक बघायला लागले.

भावानं माझा मजकूर जसाच्या तसा त्याच्या खात्यावरून टाकला. चहाचे पैसे देऊन तो येईपर्यंत तोही गेला. तिसऱ्यांदा त्यानं तो शब्द गाळून, जोहार गाळून, ओंजळ गाळून टाकला. राहिला तो पुन्हा एक पांढऱ्या सदऱ्याचा म्हातारा. ती पोस्ट राहिली. तिच्याखाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

माझ्या पोस्टवर कोणी काही लिहिलं होतं का ते बघायला मी पुन्हा पुन्हा जात होते. पान उघडतच नव्हतं. फेरतपासणी मागायची सोय होती, ती मी दाबली. कारण लिहायला जागा नव्हती. चार पर्याय होते, त्यातला 'मला हे मान्य नाही' निवडला. आयुष्यभर मी लोकांची अपिलं लिहून दिली. अपील म्हणजे समोर कोणीतरी बसलेलं असतं, चिडतं, फाईल फेकतं, पण ऐकतं. ज्याच्यासमोर जाऊन उभं राहावं असं इथं कोणीच नव्हतं. मशीन होतं, आणि मशीनला शब्द तेवढा दिसत होता. तो कोण म्हणतं, कोणाबद्दल म्हणतं, कशासाठी म्हणतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. आणि शब्द कोणी शिकवला? मला विहाराच्या पायऱ्या आठवल्या. आमची बोटं आठवली. भावाला मी त्यातलं काही सांगितलं नाही.

वाशिमचा स्टँड बघितला, दवाखाने बघितले, रेल्वे स्टेशन बघितलं. प्रत्येक ठिकाणी मी आधी बाकांकडे बघायचे आणि मग आठवण येऊन भुईकडे. ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. संध्याकाळी परत येऊन मंगरूळच्या दर्ग्यात विचारलं, कारण बाहेरचे चुकलेले लोक पुष्कळदा तिथं येऊन टेकतात. तिथल्या म्हाताऱ्यानं मला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "मिल जाएंगे, बेटी." मी ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी कारंज्याची बाजू बघायची असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघत होतो तेव्हा ठाण्यातून फोन आला. कारंज्याच्या रस्त्यावर एका फाट्यापासून थोडं आत, बाभळीखाली एक वृद्ध इसम मिळून आला आहे. 'मिळून आला आहे' या शब्दांनी मी हुरळले. आमच्या सरकारी भाषेत त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत असायला हवं होतं.

बाबा कुशीवर होते. सदरा तोच, दुसरा, खिशात कार्ड नसलेला. ऊन लागून गेले असं डॉक्टरांनी लिहिलं. पन्नास पावलांवर एक घर होतं. तिथली बाई पदर तोंडाला लावून रडत होती, जणू तिचाच कोणी गेला. ती म्हणाली, "काल दिवस कलता आला होता. दूर उभा राह्यला. म्या म्हटलं, बाबा, आत या, ओसरीत बसा, सावली हाय. आलाच नाही. ओंजळ केली. म्या पानी टाकलं. गटागटा प्याला. भाकर आणतो म्हटलं अन् आत गेली, त तोवर गेला. म्या आवाज देल्ला, बाई. म्या लय आवाज देल्ला."

तिनं मला पाणी दिलं. पेल्यात दिलं. मी प्याले.

कोणीही त्यांना हाकललं नव्हतं. या गोष्टीचा मला राग राग येतो. कोणी दार लावलं असतं, कोणी शिवी दिली असती, तर मी त्याला कोर्टात उभं केलं असतं. पण घराघरातून लोक त्यांना आत या म्हणत होते आणि ते सत्तर वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी अंगणाबाहेर उभे होते. तिथून त्यांना बाहेर आणायला आमच्यापैकी कोणाला जमलं नाही. कारंज्याच्या रस्त्यावर ते कसे पोचले, आधी कुठं होते, कोणाजवळ बसले, काहीच कळलं नाही. भाऊ म्हणाला, आता कळून काय करायचं?

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. आमच्यात गेलेल्या माणसासाठी करतात तो. भांड्यात पाणी ओतताना मंडळी गाथा म्हणत होती. मी त्या पाण्याकडे बघू शकले नाही. बाबांचा कोटातला फोटो, समोर मेणबत्ती, आणि मी आईनं नाव घालून घेतलेला, भिंतीवर आपटून पोचा आलेला पेला भरून ठेवला होता. लोक जेवून उठत होते. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते आणि ओट्यावर ठेवलेला फोन वाजला.

त्या ॲपचा निरोप होता. फेरतपासणी केली असता आपला मजकूर आमच्या नियमांत बसतो असं आढळलं आहे. तो पुन्हा दिसू लागला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मी हात पुसून पोस्ट उघडली. त्याच चार ओळी, तोच कोट. आणि खाली एक उत्तर होतं, एकच. पोस्ट टाकली त्या सकाळचं. मी टाकल्यावर दहा-बारा मिनिटांतलं. त्या वेळी आम्ही शेलूबाजारच्याही अलीकडे होतो.

'ताई, हे बाबा आमच्या दुकानासमोर बसून हायेत. कारंजा बसस्टँड, झेरॉक्सचं दुकान. भुईवर बसून हायेत. लवकर या.'

मी ते किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. मंगरूळहून कारंजा म्हणजे मोटारसायकलवर तासाभराचाही रस्ता नाही. आम्ही उलट्या दिशेला जात होतो. मी ओट्याला धरून उभी होते आणि बाहेर भाऊ कोणाला तरी सांगत होता, अजून भात घ्या.

तेवढ्यात फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, घाईतला.

"ताई, मी कारंज्याहून बोलून राह्यली. झेरॉक्सवाली. तुमचे बाबा पुन्हा हरवले काय?"

"पुन्हा?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"पोस्ट पुन्हा दिसून राह्यली ना तुमची, म्हणून फोन लावला. त्या दिवशी मी तुमाले लिहिलं अन् पहिले त्यायच्याकडे गेली. पानी देल्लं, वरून टाकलं, तुमी सांगतलं होतं तसंच. मंग नंबर लावाव म्हणून फोन पाह्यला त पोस्टच नाही. मंगरूळच्या ग्रुपचा नियम मले मालूम हाय ना, सापडल्यावर काढतेत. मी म्हटलं, चला, सापडले. घरचे आले असतीन स्टँडवर. दुपारून ते उठले अन् मंगरूळच्या गाडीत बसले, त मले वाटलं तुमच्यासंगंच चालले. मी त हात बी हालवला."

ती बोलतच राहिली. लोकांना सांभाळून घेणाऱ्या माणसांचा असतो तसा आवाज होता तिचा.

"लय गोड मानूस हाय हो तुमचे बाबा. सारखे जोहार, जोहार. मी म्हटलं, बाबा, जय भीम म्हणा, आमी बी तुमचेच हाओ. ऐकून घेतलं, हासले, अन् पुन्हा जोहारच केला. आता बरे हायेत ना ते?"

स्वयंपाकघराच्या दारातून मला फोटो दिसत होता. मेणबत्ती अर्धी झाली होती. तिला सांगितलं असतं तर ती आयुष्यभर त्या दुकानात बसून समोरची भुई बघत राहिली असती. मी बघते आहे तेवढं पुरे झालं. आणि नियम तर माझा होता.

"बरे हायेत," मी म्हटलं. "घरीच हायेत. पोस्ट काढायची राह्यली माह्याकडून."

"हाव काय? बरं झालं, बाई. माह्या जिवाला घोर लागला होता." ती हसली. मग म्हणाली, "त्यायले सांगजा, आता कारंज्याले आले त भुईवर नका बसू म्हणा. सरळ आतमंदी या. मी त्यायच्यासाठी खुर्ची ठेवून देल्ली हाय."

"सांगते," मी म्हटलं.